सरळ केलेली हद्द

आमच्या घरी आधी साखळीचा आवाज यायचा आणि त्यामागून अण्णा. गोणपाटाच्या पिशवीत मोजणीची लोखंडी साखळी, ती पिशवी सायकलच्या कॅरिअरला बांधलेली. गल्लीच्या तोंडाशी एक खड्डा होता, त्यात चाक गेलं की साखळी खळ्ळकन वाजायची आणि आई स्टोव्हला पंप मारायला बसायची. अण्णा मोजणी खात्यात होते. शेतं मोजायची, भावाभावांत वाटणी झाली की कुणाचं रान कुठपर्यंत ते कागदावर उतरवायचं, हे त्यांचं काम. खेड्यापाड्यांतली माणसं त्यांना मोजणी साहेब म्हणायची. साहेब वगैरे ते काही नव्हते, पगारही साहेबाचा नव्हता. पण ज्याच्या हातात रेघ आहे त्याला साहेब म्हटलेलं बरं, असं लोकांना वाटत असावं. अण्णांना मात्र ते ऐकून खरंच अवघडल्यासारखं व्हायचं आणि ते टोपी सारखी करत बसायचे.

अण्णांचं घराणं माणदेशातलं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. मेंढरं चरत जातील तिथवर रान, एवढीच आमच्या आज्यापणज्यांची हद्दीची कल्पना. त्या घरातला पहिला शिकलेला मुलगा उठला आणि हद्दी आखायच्या नोकरीला लागला, याचं आईला फार हसू यायचं. ती कधी कधी भाकरी थापता थापता म्हणायची की तुमच्या आज्याला कळलं असतं तर काठी घेऊन मागं लागला असता. आधी आम्ही साताऱ्यात होतो. तिथलं मला थोडंच आठवतं. खिडकीतून दिसणारा किल्ला, हुलग्याचं माडगं आणि थंडीत अंगावर ओढलेलं काळं घोंगडं, जे खरखरीत असूनही मला कधी टोचलं नाही. मी आठवीत गेले तेव्हा अण्णांची बदली सांगलीकडे झाली आणि आम्ही हळदीच्या गोदामांच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तिथं दोरीवर वाळत घातलेला पांढरा कपडा संध्याकाळी पांढरा राहायचा नाही. गुळाच्या सौद्याच्या दिवसांत सगळ्या गल्लीला काकवीचा वास यायचा आणि माश्यांनी जीव नकोसा व्हायचा. आई सुरुवातीला फार कुरकुरायची, पुढं तिला साताऱ्याची हवा बेचव वाटायला लागली.

मुलाखती घ्यायला येणारी मुलं हल्ली मला विचारतात, तुम्ही चित्रांत भूमितीकडे कशा वळलात? माणसं नाहीत, झाडं नाहीत, नुसते चौकोन, त्रिकोण आणि रेघा, हे कुठून आलं? त्यांना परदेशातल्या एखाद्या चित्रकाराचं नाव हवं असतं. मी देऊन टाकते. त्यांचं काम होतं, माझीही सुटका होते. खरं सांगायचं तर आमच्या घरात जमिनीवर कायम नकाशे पसरलेले असायचे आणि त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून मी लहानपणी भिंतीच्या कडेनं चालायला शिकले. पाच कोनांचं शेत, एका बाजूला निमुळतं होत गेलेलं शेत, मधोमध ओढ्यानं चिरलेलं शेत. त्या आकारांवर माणसं राहतात, राबतात, त्यापायी एकमेकांची डोकी फोडतात, हे मला फार उशिरा कळलं. मला ते आकार नुसते सुंदर वाटायचे. हे मी अभिमानानं सांगत नाही.

काम कसं चालायचं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. शेतात तीन पायांच्या तिकाटण्यावर टेबल मांडायचं, त्यावर कागद ताणून बसवायचा आणि समोर दिसेल ती हद्द तिथल्या तिथं पेन्सिलनं कागदावर घ्यायची. मग सावलीत बसून त्या पेन्सिलीवर काळी शाई फिरवायची. शाई वाळली की पेन्सिल खोडून टाकायची. राहिली ती शाई, आणि शाई म्हणजेच हद्द. त्यावर सही-शिक्का झाला, दोन्ही बाजूंना नकला मिळाल्या की पुढं कोर्टातसुद्धा तो कागद बोलतो, माणसाला कुणी विचारत नाही. हे शाईचं काम कचेरीत बसून करायचा नियम होता. पण कचेरीत पंखा नाही, टेबलं मोडकी, म्हणून बहुतेक सगळे मोजणीदार कागद घरी आणायचे. अण्णाही आणायचे. पाटावर फळी ठेवून, मांडी घालून, श्वास रोखून ते रेघ ओढायचे. ती रेघ संपेपर्यंत आई भांडं वाजवायची नाही.

सांगलीला आल्यावर दुसऱ्या वर्षी कधीतरी अण्णांच्या बशीतला कप वाजायला लागला. अगदी बारीक आवाज, पण आमच्या दोन खोल्यांत तो ऐकू यायचाच. आईनं काही विचारलं नाही. तिनं दुसऱ्या दिवसापासून कपबशी फडताळात ठेवून दिली आणि चहा स्टीलच्या पेल्यात, तोही अर्धाच द्यायला सुरुवात केली. अण्णांनीही कपबशी कुठं गेली असं विचारलं नाही. ते उजवा हात सदऱ्याच्या खिशात घालून बसायला लागले आणि सही करताना डाव्या हातानं उजवं मनगट धरायला लागले. आमच्या घरात दुखण्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. नाव घेतलं की ते घरात राहायला येतं असं आईला वाटायचं. आज एखाद्या डॉक्टरनं त्या थरथरीला नाव दिलं असतं, गोळ्या दिल्या असत्या. तीन-चार कोसांवर मिरज, तिथं डॉक्टरांना तोटा नाही. पण हात थरथरतो हे खात्याला कळलं तर मोजणीदार म्हणून पुढं काय, हा प्रश्न होता आणि तो प्रश्न कुणीच उच्चारत नव्हतं.

मी तेव्हा शाळेतून चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला बसणार होते. तिला भूमितीचा एक पेपर असायचा. एका रविवारी अण्णांनी शाईची बाटली आणि रेघ ओढायचं पेन माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले की परीक्षेचा सराव होईल, घे. त्यांनी ते अशा आवाजात सांगितलं की मला सगळं कळलं आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं. मी कागद जवळ ओढला. पेन्सिलची रेघ जागोजागी हललेली होती, बारीक दातेरी झाली होती. मी तिच्या मधून शाईची नीट, एकसंध रेघ काढली. जिथं हात थरथरला होता ती प्रत्येक जागा मी बुजवली. अण्णा भिंग घेऊन वाकले, रेघेवरून इंचाइंचानं डोळा फिरवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कचेरीतून येताना त्यांनी पुडीभर भडंग आणलं आणि माझ्या दप्तरावर ठेवलं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्यांच्या नावावरची सगळी शाई माझी होती. ते रानात जाऊन पेन्सिल करायचे, मी घरात त्यांची थरथर पुसायचे. मला त्याचा किती अभिमान होता काय सांगू. शाळेत चित्रकलेच्या बाई म्हणायच्या, हिचा हात देवानं दिलाय. मी मनात म्हणायचे की देवाचं काय घेऊन बसलात, माझ्या रेघेवर सरकारचा शिक्का बसतो.

राजाराम फौजींचा कागद असाच एका रविवारी दुपारी माझ्याकडे आला. तासगावच्या बाजूचं गाव, नाव नको. राजाराम लष्करातून परत आलेले, शिपाई म्हणून गेले आणि हवालदार होऊन आले, म्हणून गाव त्यांना फौजी म्हणायचं. त्यांची आणि त्यांच्या चुलतभावाची, यशवंताची, जमीन एकत्र होती. म्हातारा चुलता जिवंत असतानाच दोघांनी वाटणी करून घेतली. रानात मधोमध हद्द घालायची, फक्त एका जागी ती थोडी यशवंताच्या बाजूला वळवायची, कारण तिथं फौजींनी घरी आल्यावर स्वतः खणलेली विहीर होती. विहीर ज्यानं खणली त्याची, असं म्हाताऱ्यानं सगळ्यांदेखत सांगितलं आणि अण्णांनी त्याप्रमाणे रेघ वळवून घेतली. नंतर विहिरीच्या काठावर बसून फौजींच्या घरची भाकरी खाल्ली, त्या विहिरीचं पाणी प्याले आणि घरी आले. बांध अजून घातलेला नव्हता. नकाशा आल्यावर घालायचा असं ठरलं होतं.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्यापुढं एक कागद होता, एक लांब रेघ होती आणि ती रेघ एका जागी वाकली होती. जेमतेम बाजरीच्या दाण्याएवढा बाक. वर्षभर मी अण्णांच्या हाताचे असले बाक सरळ करत आले होते, तसाच हाही मी त्यांच्या हाताचा धरला. उलट मला वाटलं की आज त्यांचा हात जास्तच हललेला दिसतोय, बिचाऱ्यांना त्रास होतोय. त्या विचारानं मला भरून आलं आणि मी पट्टी लावून ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढली. इतकी सुरेख रेघ मी तोवर काढली नव्हती. शेजारी विहिरीचं बारीक वर्तुळ होतं, ते होतं तिथंच गिरवलं. ते आता रेघेच्या दुसऱ्या अंगाला गेलं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं तर ती सरळ रेघ आणि तिला टेकलेलं ते वर्तुळ मला इतकं आवडलं की मी फळी लांब धरून बघितली.

अण्णा भिंग घेऊन बसले. शाई अजून ओली होती, खालची पेन्सिल खोडायची होती. त्यांनी वाकून पहिला इंच बघितला असेल नसेल, आणि भिंग मिटून खिशात टाकलं. "तुजी रेघ आता बघाय लागत न्हाई, सुमे," म्हणाले. माझ्या आयुष्यात मला खूप माणसांनी खूप काही म्हटलं आहे, मानपत्रं दिली आहेत, पण त्या वाक्यानं जसा ऊर भरून आला तसा परत कधी आला नाही. मी खोडरबर घेतला आणि पेन्सिल स्वच्छ खोडून टाकली. अण्णांनी डाव्या हातानं मनगट धरून सही केली.

नकला गावात गेल्या. मध्यंतरी म्हातारा चुलता वारला. त्याचे दिवस झाल्यावर यशवंतानं नकाशा बाहेर काढला, माणसं लावली आणि कागदाप्रमाणे सरळ बांध घातला. विहीर त्याच्या बाजूला गेली. फौजी नकाशा घेऊन कचेरीत आले, तेव्हा अण्णांनी तो टेबलावर पसरला आणि तिथल्या तिथं त्यांच्या लक्षात आलं. त्या दिवशी साखळीचा आवाज आला नाही. अण्णा सायकल हातात धरून चालत आले. त्यांनी चहा घेतला नाही. मला समोर बसवलं आणि नकाशावर बोट ठेवलं.

"ही रेघ अशी का काढलीस?"

मी म्हणाले, "ती वाकडी होती."

"वाकडी व्हती, कारण ती जागंवर वाकडी हाय."

तुमचा हात हलला असं मला वाटलं, हे वाक्य माझ्या तोंडात होतं. पण वर्षभर आम्ही तिघांनी मिळून जे झाकलं होतं ते उघडं करायचं धाडस मला झालं नाही. त्यांना ते न सांगताच कळलं. त्यांनी खिशातला हात बाहेर काढला, मांडीवर ठेवला आणि तो हलत होता तसा हलू दिला. आई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा सगळ्यांनी तो हात उघड बघितला आणि तोही माझ्यामुळे.

अण्णांनी दुसऱ्याच दिवशी चूक झाल्याचा अर्ज वर दिला. वरून उत्तर आलं की नकाशा मंजूर झालेला आहे, यशवंताची हरकत आहे, आता रेघ बदलली तर तुम्ही दुसऱ्या बाजूकडून काही घेतलं असं होईल. वाटणीच्या वेळी रानात उभी असलेली माणसं विचारल्यावर म्हणाली की कागदात असेल तेच खरं. फौजींचा ऊस त्या उन्हाळ्यात उभ्या उभ्या वाळला. एकदा ते आमच्या घरी आले. उंच, ताठ माणूस, मिशा पांढऱ्या. आईनं चहा पुढं ठेवला, त्याला त्यांनी हात लावला नाही. "साहेब, तुमी त्या हिरीचं पाणी प्यालाय," एवढंच म्हणाले. अण्णा मान खाली घालून बसले. मी आतल्या खोलीत परीक्षेसाठी रंगसंगतीचा तक्ता रंगवत होते. फौजी निघून गेल्यावर मी पुन्हा ब्रश हातात घेतला. त्या पेपरात मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

मोजणी साहेबांनी यशवंताकडून पैसे खाऊन रेघ सरळ केली, अशी फौजींनी तक्रार केली. त्यांचं काय चुकलं? पुण्याहून चौकशीला अधिकारी आले. त्या दिवशी अण्णा डबा विसरून गेले म्हणून आईनं मला कचेरीत पाठवलं. दार उघडंच होतं. समोर ते अधिकारी, त्यांच्या शेजारी कारकून, आणि टेबलाच्या अलीकडे अण्णा उभे. अधिकारी माणूस वाईट नव्हता, मुद्द्याचं बोलत होता. त्याचं म्हणणं असं की चूक झाली तर ती रेघेत दिसते. कुठंतरी खाडाखोड असते, शाई अडखळलेली असते. ही रेघ एका दमात काढलेली आहे. इतक्या ठाम हातानं चूक होत नाही, ठरवून केलेलं काम होतं. मग त्यानं कोरा कागद पुढं सरकवला, शाईची बाटली उघडली आणि म्हणाला, "हीच हद्द माझ्यासमोर काढून दाखवा."

अण्णांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले. मी दारात होते, म्हणून मला ते हात दिसत होते. डावा उजव्याला घट्ट धरून होता आणि तरी दोन्ही हलत होते. कागदावर हात टेकला असता तर ही रेघ या माणसाची नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं. पैसे खाल्ल्याचा आळ तिथंच गळून पडला असता. मग पुढचा प्रश्न आला असता की रेघ कुणाची? अण्णा म्हणाले की मला काढायची नाही. अधिकाऱ्यानं विचारलं, जमत नाही की काढायची नाही? "काढायची न्हाई," अण्णा म्हणाले. आणि तेव्हाच त्यांना मी दिसले. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. नको, एवढाच तिचा अर्थ.

मी सोळा वर्षांची होते, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. वडिलांनीच नको म्हटलं, हेही सांगितलं आहे. दोन्ही खरं आहे. पण त्या दारात उभी असताना मला जे वाटलं ते लिहिल्याशिवाय या प्रकरणाला काही अर्थ नाही. मला हायसं वाटलं. अण्णांनी मान हलवली आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी डबा व्हरांड्यातल्या बाकावर ठेवला, शिपायाला सांगितलं आणि घरी आले. वाटेत नदीच्या घाटावर थांबून मी तोंड धुतलं. आईला म्हणाले, डबा दिला.

अण्णा बडतर्फ झाले. कागद सुधारायचा तर दिवाणी दावा लावा, असं फौजींना सांगण्यात आलं. गल्लीत लोक आमच्याशी बोलायचे, पण मोजून बोलायचे. दुकानदार आईला म्हणायचा, वहिनी, तुम्हाला कशाला उधारी लागते? पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला फौजी विहिरीवरचं आपलं इंजिन काढून आणायला गेले. तिथं यशवंताच्या माणसांशी झटापट झाली आणि ते विहिरीचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या दगडावर पडले. खुबा मोडला. मिरजेच्या एका दवाखान्यात ते दोन महिने होते, तिथून ते परत आले नाहीत. त्या दोन महिन्यांत अण्णा एकदा मिरजेला जाऊन आले. काय झालं ते मला पुढं आईकडून कळलं. वॉर्डाच्या दारापर्यंत गेले, तिथं तासभर उभे राहिले, आणि संत्र्यांची पिशवी तशीच घेऊन माघारी आले. ती संत्री आमच्या घरात कुणी खाल्ली नाहीत.

मग अण्णा आणि आई माणदेशात गावी जाऊन राहिले. मी सांगलीत कलाशिक्षण घेतलं, पुढं पुण्याला गेले. अण्णांनी मला एका शब्दानंही अडवलं नाही. त्यांनी माझं एकच प्रदर्शन बघितलं, विद्यार्थी असतानाचं. तोवर त्यांचा हात, मान, हनुवटी, सगळंच हलायला लागलं होतं. ते माझ्या एका मोठ्या चित्रापुढं बराच वेळ उभे राहिले. करड्या रंगावर काळ्या रेघा, बाकी काही नाही. मग मला म्हणाले, "ह्ये कुटल्या गावचं?" बरोबरची मुलं हसली. मला हसता आलं नाही. मी म्हणाले, कुठलंच नाही अण्णा, नुसतं चित्र आहे. त्यांनी बरं म्हटलं आणि रेघेवरून डोळा फिरवला, जसा भिंगातून फिरवायचे तसा. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. शेवटी आई त्यांना चमच्यानं भरवायची.

तेव्हापासून मी पट्टी लावलेली नाही. हात जसा जाईल तशी रेघ, आणि जिथं वाकेल तिथं ती वाकू द्यायची. यावर लोकांनी बरंच लिहिलं आहे. कुणी म्हणतं की ही भूमितीला माणसात आणते, कुणी आणखी काही. चित्रं विकली जातात. आता साताऱ्यात माझं घर आहे, वर मोठी खोली आहे, उजेड चांगला येतो. माझं बरं चाललं आहे, हे लिहितानासुद्धा मला लाज वाटते.

मागच्या वर्षी सांगलीत माझं प्रदर्शन होतं. ते संपल्यावर मी गाडी घेतली आणि त्या गावी गेले. फौजींच्या पत्नी हौसाबाई अजून हयात आहेत असं कळलं होतं. ऐंशीच्या पुढच्या, ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. सुनेनं मला खुर्ची दिली. मी म्हणाले, मी मोजणी साहेबांची मुलगी.

"त्यो हाय का अजून?" त्यांनी विचारलं.

नाहीत म्हणून सांगितलं. मग सगळं सांगितलं. हात, शाई, बाक, भिंग, कचेरीतलं दार. त्या शेंगा फोडत राहिल्या. माझं झाल्यावर त्यांनी हातातली शेंग सुपात टाकली.

"म्हंजी त्येनं पैसं खाल्लं नव्हतं."

"नाही."

"माजा मालक दवाखान्यात पडल्या पडल्या त्येलाच शिव्या देत गेला. देवाचं नाव नव्हतं तोंडात, तुज्या बापाचं व्हतं. मी बी देत आले. रोज, दिवा लावताना." त्यांनी सूप बाजूला सारलं. "तवा का न्हाई सांगितलंस?"

"भ्याले."

"सोळा वर्साची पोर, भिणारच. पर फुडं? फुडं कशाला भ्यालीस?"

हौसाबाई उठल्या. सुनेनं काठी दिली ती त्यांनी घेतली नाही, माझा दंड धरला. म्हणाल्या की मला एकटीला सांगून तुझं काम झालं, त्याचं झालं नाही. गावानं त्याला चोर म्हटलंय, तर गावालाच सांग. चल पारावर. आम्ही हळूहळू निघालो. वाटेत त्यांनी हातानं दाखवलं, विहीर तिथं होती. आता तिथं सपाट ऊस होता. नदीचं पाणी पाइपानं वर आल्यावर यशवंताच्या नातवांनी ती बुजवून टाकली होती. या वेळी मी मागं फिरणार नव्हते.

पारावर सहा-सात माणसं होती, चाळिशी-पन्नाशीची. हौसाबाईंना बघून दोघं उठून उभे राहिले. त्या म्हणाल्या, ही बाई काय सांगती ते ऐका. मी अण्णांचं पूर्ण नाव घेतलं. म्हणाले, त्यांनी पैसे खाल्ले नव्हते. फौजींच्या रानातली ती रेघ मी काढली होती, चूक माझी होती.

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्यातल्या एकानं हातातला मोबाईल खाली ठेवला आणि अगदी अदबीनं विचारलं, "कुठली रेघ, मॅडम?"

हौसाबाईंनी माझा दंड सोडला नव्हता. त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या, कुणाला तरी आठवेल म्हणून.